रिपोर्ट नॉर्मल, तरी ऐकू येत नाही : कानाच्या संशोधनाची एक हकिगत

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ येतील. त्या माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे हात आपल्या बॅचमध्ये आहेत. मी पडले सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून थोडी वेगळी वाट धरते आणि विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. गोष्ट कानाची आहे.

हाच विषय का, हे सांगायला फार लांब जायला नको. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो. आपले सर आणि बाई सत्तरी-ऐंशीत आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं ओठांवरून ताडावं लागतं. चार जण एकदम बोलायला लागले की "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागतं, आणि तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते म्हणून आपण नुसती मान हलवतो. रात्री घर शांत झालं की कानात रातकिडा ओरडत राहतो. यातलं काही ना काही आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला आलं असेल. कान तपासून घेतले तर कागदावर अनेकदा एकच शब्द येतो : नॉर्मल.

हा कागदावरचा 'नॉर्मल' आणि आपला रोजचा अनुभव यांच्यात एक फट आहे. ती फट शास्त्रज्ञांना कशी सापडली, त्याची ही हकिगत.

तांबट, बॉयलरवाले आणि पोस्टमन

तक्रार नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाच्या २८ रोगांची यादी आहे. तिच्यात बाधिर्य आहे आणि कर्णनादही आहे. बाहेर कुठलाही आवाज नसताना कानात आवाज येणं, ज्याला आज डॉक्टर टिनिटस म्हणतात, त्याला आपल्याकडे इतकं जुनं आणि इतकं नेमकं नाव आहे.

आवाजानेच कान जातात, हे युरोपात ठळकपणे लिहून ठेवलं इटलीच्या बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने. कामगारांच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली मोदेना इथे छापलं गेलं. त्यात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे. दिवसभर तांब्यावर हातोडी पडते, कान आधी मंदावतात आणि म्हातारपणी पार जातात. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतून जे कधी चालत गेले असतील, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

पण निरीक्षण वेगळं आणि मोजमाप वेगळं. ते मोजमाप १८८६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी केलं. त्या काळी आगबोटींचे बॉयलर रिव्हेट ठोकून बनवत. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट धरणाऱ्या माणसाच्या डोक्याभोवती चारी बाजूंनी लोखंड वाजत असे. बार यांनी १०० बॉयलर कामगार, १०० ओतारी आणि १०० पोस्टमन घेतले आणि घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, यावरून सगळ्यांचे कान तपासले. पोस्टमन कशासाठी? तेही कष्टकरीच, पण त्यांचं काम गोंगाटातलं नाही, म्हणून तुलनेसाठी. १०० बॉयलर कामगारांपैकी एकाचीही श्रवणशक्ती धड नव्हती. आपल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगात 'नियंत्रित गट' म्हणून जे सांगायच्या, त्याचं इतकं सुरेख उदाहरण मला पाठ्यपुस्तकात कधी भेटलं नाही.

तर कान आवाजाने जातात, हे ठरलं. पण कानाच्या आत नेमकं काय जातं, हा प्रश्न उरला. त्यासाठी आधी कान चालतो कसा, हे कळायला हवं होतं.

टेलिफोन खात्यातला शास्त्रज्ञ

शाळेत शिकलेली आकृती आठवून पाहा. कानाचा पडदा, त्याला टेकलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं, आणि त्यांच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला कर्णावर्त. त्याच्या आत पाणी आणि पाण्यात एक लांबट पडदी. त्या पडदीवर रांगेने केशपेशी बसलेल्या असतात. पेशींच्या डोक्यावर बारीक केसांसारखे तुरे असतात, म्हणून हे नाव. अल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून ही रचना पाहून तिचं वर्णन केलं. पुढे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने कल्पना मांडली, की या पडदीचे आडवे धागे पियानोच्या तारांसारखे आहेत. प्रत्येक धाग्याचा सूर ठरलेला. तो सूर बाहेर वाजला की नेमका तोच धागा अनुस्पंदनाने थरथरतो.

हे खरं का, हे डोळ्यांनी पाहिलं गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी. जन्म बुडापेस्टचा, १८९९ सालचा. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते हंगेरीच्या पोस्ट खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत लागले. वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. खात्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. टेलिफोन सुधारायचा तर पैसा कशावर घालायचा, तारांवर, यंत्रांवर की कानाला लावायच्या फोनवर? बेकेशींनी त्यावर उलटा प्रश्न विचारला : माणसाचा कान या सगळ्याच्या तुलनेत किती चांगला आहे? कानालाच जे कळणार नाही, त्यावर पैसे घालून उपयोग काय? ज्यांनी कधी सिस्टिममधला अडथळा शोधला असेल, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

बेकेशींनी मृत माणसांचे कर्णावर्त घेतले, पाण्याखाली सूक्ष्मदर्शकातून ते कोरून उघडले, आतल्या पारदर्शक पडदीवर धातूची भुकटी शिंपडली आणि लुकलुकत्या दिव्याच्या प्रकाशात तिची हालचाल पाहिली. पियानोची तार वाजावी तसं काही दिसलं नाही. दिसली ती लाट. दोरीला एका टोकाने झटका दिला की जशी लहर पुढे जाते, तशी लहर पडदीवरून धावत होती आणि एका जागी सगळ्यात उंच होऊन विरत होती. बारीक, चढ्या सुरांची लाट दाराशीच उंचावे आणि खर्जाची लाट शंखाच्या टोकापर्यंत पोहोचे. या कामासाठी बेकेशींना १९६१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हे सगळे कान मेलेले होते. आणि हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून बेकेशींना जिवंत माणसाला सहन होणार नाही इतका मोठा आवाज वापरावा लागला होता. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. पण ते पुरतं नव्हतं.

कान स्वतः बोलतो

हे बेकेशींना नोबेल मिळण्याच्या १३ वर्षं आधीच एका तरुणाने सांगून टाकलं होतं. थॉमस गोल्ड हे त्याचं नाव. नारळीकर सरांची पुस्तकं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे नाव ओळखीचं असेल. फ्रेड हॉइल हे नारळीकरांचे गुरू. हॉइल, बाँडी आणि गोल्ड या तिघांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. त्याच साली, त्याच केंब्रिजमध्ये, त्याच गोल्ड यांनी कानावरही शोधनिबंध लिहिले, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं.

गोल्ड मूळचे व्हिएन्नाचे. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी त्यांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून छावणीत डांबलं आणि नंतर त्याच ब्रिटिशांनी त्यांना रडारच्या कामावर घेतलं. रडारमुळे इलेक्ट्रॉनिक्स हातात बसलं होतं. त्यांनी हिशेब मांडला. कर्णावर्तात पाणी आहे. पाण्यात बुडवलेली तार सूर धरत नाही, घर्षणाने तिचं कंपन लगेच मरतं. तरीही आपला कान अगदी जवळचे दोन सूर वेगळे ओळखतो. याचा अर्थ घर्षणात गेलेली ऊर्जा कोणीतरी भरून देत असलं पाहिजे. जुन्या रेडिओत बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत सोडून तो वाढवत असत. कानातही तसंच काही असणार. म्हणजे कान हा नुसता मायक्रोफोन नाही, त्याला आतून ताकद देणारा ॲम्प्लिफायर जोडलेला आहे.

गोल्ड एवढ्यावर थांबले नाहीत. सभागृहात माइक आणि स्पीकर जवळ आले की जी किंचाळी उठते, ती आपल्याला गॅदरिंगमुळे माहीत आहे. गोल्ड म्हणाले, कानातला हा ॲम्प्लिफायर बिघडला तर तिथेही अशी शिट्टी वाजू शकेल, माणसाला ती ऐकू येईल, आणि कदाचित कानातून बाहेरही आवाज पडेल.

कोणी लक्ष दिलं नाही. बेकेशींनी प्रत्यक्ष मोजलं होतं आणि गोल्ड यांच्याकडे होता फक्त तर्क. गोल्ड खगोलशास्त्राकडे वळले.

१९७१ मध्ये विल्यम रोड या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत माकडांच्या कानात तीच लाट मोजली. मंद आवाजाला पडदी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त हलत होती, आणि प्राणी मेल्यावर हा जादा जोर नाहीसा होत होता. मग १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी माणसाच्या कानात एक छोटा मायक्रोफोन बसवला, एक 'टिक' वाजवली आणि थांबले. काही हजारांश सेकंदांनी कानातून उत्तर आलं. प्रतिध्वनीसारखा बारीक आवाज, पण कानाने स्वतः केलेला. काही कान तर कोणी न विचारताही एखादा सूर सतत बाहेर सोडत होते. तीस वर्षांपूर्वी गोल्ड यांनी सांगितलेलं अक्षरशः कानावर पडलं.

ताकद देतं कोण, तेही पुढे कळलं. केशपेशी दोन प्रकारच्या असतात. आतल्या रांगेतल्या साधारण साडेतीन हजार पेशी ऐकतात, म्हणजे मेंदूला संदेश पाठवतात. बाहेरच्या रांगांतल्या साधारण बारा हजार पेशी नाचतात. विल्यम ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की विजेचा दाब बदलला की बाहेरच्या पेशी आखडतात आणि लांबतात. त्याच लाटेला जोर देतात.

केम्प यांच्या शोधाचा फायदा आज आपल्या घरापर्यंत आला आहे. जन्मलेल्या बाळाला 'ऐकू येतं का' असं विचारता येत नाही. पण कानात टिक वाजवून प्रतिध्वनी येतो का, हे बाळ झोपेत असतानाही तपासता येतं. मोठ्या शहरांतल्या अनेक प्रसूतिगृहांत आता ही तपासणी होते. आपल्यापैकी काहींच्या मुलांचीही झाली असेल.

मात्र टिनिटसचं कोडं याने सुटलं नाही. केम्प यांना सापडलेले आवाज बहुतेक निरोगी कानांतले होते आणि कानाच्या मालकाला ते ऐकूही येत नव्हते. उलट ज्यांना कर्णनादाने झोप नाही, अशा बहुतेकांच्या कानातून बाहेर काहीच पडत नव्हतं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, गाठीच्या शस्त्रक्रियेत कानाची नस कापावी लागली, तरी कित्येक रुग्णांचा नाद थांबत नसे. म्हणजे तो नाद कानात वाजतच नव्हता. मग कुठे?

मोजपट्टीत न बसणारं

इथे आपल्या कानाच्या तपासणीबद्दल दोन शब्द. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, एकेक सूर मंद करत नेतात, ऐकू आला की बटण दाबायचं. २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत हे करून जो आलेख मिळतो तो ऑडिओग्राम. सर्वांत मंद सूर कोणता ऐकू येतो, एवढंच तो सांगतो. केशपेशी गेल्या असतील तर तो पकडतो आणि त्यासाठी तो उत्तमच आहे. पण आपण जगतो ते आवाजबंद खोलीत नाही, आणि एकमेकांशी शुद्ध सुरांत बोलतही नाही.

मोठ्या आवाजानंतर कानाला दडे बसतात आणि एक-दोन दिवसांत सुटतात, हे आपण विसर्जन मिरवणुकीनंतर अनुभवलेलं आहे. डॉक्टरांची समजूतही हीच होती की दडे सुटले, ऑडिओग्राम पूर्ववत झाला, म्हणजे कान बरा झाला.

या समजुतीला धक्का बॉस्टनमध्ये बसला. तिथल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयाच्या ईटन-पीबॉडी प्रयोगशाळेत चार्ल्स लिबरमन हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं कानाच्या नसेचा अभ्यास करत होते. मांजरांना जन्मापासून शांत कोठडीत वाढवायचं आणि मग त्यांच्या नसेतला एकेक तंतू काय बोलतो ते ऐकायचं, असं त्यांचं १९७८ सालचं काम आहे. त्यातून स्पष्ट झालं की नसेतले तंतू सगळे सारखे नसतात. काही अगदी मंद आवाजाला जागे होतात. काही आवाज बराच मोठा झाल्याशिवाय बोलत नाहीत. हे दुसरे तंतू शांततेत निरुपयोगी वाटतात, पण गोंगाटात पहिले तंतू भरून गेलेले असताना कामाला येतात ते हेच.

२००६ मध्ये शेरॉन कुजावा आणि लिबरमन यांनी दाखवलं, की तरुणपणी मोठा आवाज सोसलेल्या उंदरांचे कान म्हातारपणी इतरांपेक्षा जास्त वेगाने जातात. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'वाया घालवलेलं तारुण्य' अशा अर्थाचे शब्द घातले होते. शास्त्रज्ञांनाही थट्टा सुचते. पण त्यातला प्रश्न गंभीर होता. आवाज थांबल्यानंतर इतक्या काळाने नुकसान पुढे कसं सरकतं?

उत्तर २००९ मध्ये आलं. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. त्यांच्या कानाला दडे बसले. दोन आठवड्यांत सुटले. मोजमाप पूर्ववत आलं. केशपेशी मोजल्या तर एकही गेलेली नव्हती. आजवरच्या सगळ्या नियमांनी हा कान बरा झालेला होता. पण कुजावा आणि लिबरमन यांनी आणखी एक गोष्ट मोजली : केशपेशी आणि नसेचा तंतू यांच्यातले जोड, म्हणजे सिनॅप्स. चढ्या सुरांच्या भागात ते जवळजवळ निम्मे नाहीसे झाले होते. तेही पहिल्या २४ तासांत, आणि परत आले नाहीत. जोड तुटलेले तंतू नंतर महिनोन् महिने हळूहळू मरत गेले.

मग मोजमाप पूर्ववत कसं आलं? कारण शांततेतला मंद सूर ओळखायला थोडे तंतू पुरतात. गावाकडे जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी पाच बंद झाल्या, तरी रिकाम्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. कळतं ते दिवाळीच्या गर्दीत. २०१३ मध्ये याच गटाने गिनीपिगवर दाखवलं, की आवाजाने आधी जातात ते प्रामुख्याने गोंगाटात कामाला येणारे दुसऱ्या प्रकारचे तंतू. आमच्या धंद्यात हा प्रकार नेहमीचा आहे. सगळ्या टेस्ट पास होतात आणि लोड आला की सिस्टिम बसते. तेव्हा ग्राहकाला खोटं ठरवून चालत नाही. टेस्टमध्ये काय तपासायचं राहिलं, ते शोधावं लागतं.

मेंदूने वाढवलेला आवाज

कर्णनादाचा धागा इथेच येऊन मिळाला. २०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रोलंड शेट आणि डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या ३३ स्त्रिया घेतल्या. १५ जणींना टिनिटस होता, १८ जणींना नव्हता. कानात टिक वाजवून डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने विजेच्या लहरी टिपल्या. पहिली लहर कानाच्या नसेतून येते, पाचवी मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागातून. टिनिटस असलेल्यांची पहिली लहर लहान होती, पण पाचवी इतरांइतकीच होती. म्हणजे कानाकडून कमी माल आला आणि मेंदूने वाटेत तो वाढवून पुरा केला.

संगणकावरच्या प्रतिमानातून त्यांनी दाखवलं की त्याचा दुष्परिणाम काय होईल. जुन्या रेडिओवर लांबचं स्टेशन नीट लागेना की आपण आवाज वाढवायचो, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढायची. मेंदू तेच करतो. नसेतली स्वाभाविक चुळबुळ, जी एरवी जाणवत नाही, तीही वाढते आणि आवाज म्हणून ऐकू येते. ती चुळबुळ सगळ्यांच्यातच असते. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. शेट आणि मॅकअल्पाइन यांनी या अवस्थेला नाव दिलं : छुपा श्रवणदोष.

हे वाचलं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगते. माझ्या उजव्या कानात गेली सहा वर्षं एक बारीक सूर आहे. एका डॉक्टरांनी ऑडिओग्राम पाहून "तुमचे कान अगदी छान आहेत, टेन्शन कमी करा" असं सांगून पाच मिनिटांत मोकळं केलं होतं. घरी येऊन नवऱ्याला काय सांगावं, तेच मला कळेना. यंत्र म्हणतं काही नाही आणि मी म्हणते आहे, मग खोटं कोण? त्या निबंधातल्या १५ जणींची मला ओळख नाही, पण त्यांच्यामुळे या प्रश्नाला एक उत्तर मिळालं. खोटं कोणीच नव्हतं. मोजपट्टी अपुरी होती.

चित्र अजून पूर्ण नाही, हेही सांगायला हवं. उंदराच्या कानाचे जोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात, जिवंत माणसाचे येत नाहीत. मँचेस्टरमध्ये तरुणांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात गोंगाटाचा आणि नसेच्या लहरींचा असा संबंध दिसला नाही. दुसऱ्या बाजूला, मृत्यूनंतर दान मिळालेल्या कानांची तपासणी २०१९ मध्ये लिबरमन यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाली. वाढत्या वयात केशपेशींपेक्षा नसेचे तंतू कितीतरी जास्त जातात, असं तिच्यात दिसलं. २०२३ मध्ये बॉस्टनच्याच संशोधकांना, ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या टिनिटसच्या रुग्णांत नसेची हानी झाल्याच्या खुणा मिळाल्या. प्रत्येक कर्णनादाचं कारण हेच, असं मात्र नाही. कानातला मळ, काही औषधं, मधल्या कानाचे आजार यांनीही तो होतो. आणि एकाच कानात नाद असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.

तुटलेले जोड पुन्हा जुळवणारं मान्यताप्राप्त औषध माणसासाठी आज नाही. पक्ष्यांच्या केशपेशी नव्याने उगवतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं. आपल्या उगवत नाहीत. कर्णनाद बंद करणारी गोळीही नाही. पण त्याचा जाच समुपदेशनाने आणि विचारांची सवय बदलणाऱ्या उपचाराने बराच कमी होतो, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही. श्रवणयंत्राला लाजू नका. आपल्यापैकी अर्धी बॅच आठवीपासून चष्मा लावते आहे.

आपल्या हिशेबात

काही आकडे घरी फ्रिजवर लावण्यासारखे आहेत. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कामाच्या जागी सुरक्षित मानलेली मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरपुढे नाचणाऱ्या आपल्या मुलांना हा हिशेब कोणीतरी सांगायला हवा. त्यांचे दडे दुसऱ्या दिवशी सुटतील आणि त्यांना वाटेल, काही झालं नाही.

तपासणीला जाल तेव्हा ऑडिओग्रामबरोबर गोंगाटात बोलणं समजण्याची चाचणी करता येते का, हेही विचारा. आणि 'नॉर्मल' असं लिहून आलं तरी स्वतःवरचा विश्वास सोडू नका.

शेवटी संयोजकांना एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये मागे गाणी लावायचं ठरतं आहे, असं कळलं. गाणी संध्याकाळी लावा, आणि तीही बेतानेच. दुपारचं जेवण गाण्यांशिवाय होऊ द्या. सरांशी आणि बाईंशी बोलताना समोर बसा, तोंड त्यांच्याकडे ठेवा आणि ओरडण्याऐवजी सावकाश बोला. त्यांनी चाळीस-चाळीस वर्षं साठ-साठ पोरांच्या कलकलाटात उभं राहून शिकवलं आहे. ते नुसती मान हलवत आहेत असं दिसलं, तर वाक्य पुन्हा सांगा. त्यांनीही आपल्याला कितीतरी गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या होत्या.